टाकी आणि विचार

मराठीत 'जग' या अक्षरजोडीने लिहिले जाणारे दोन शब्द आहेत. एक जग म्हणजे विश्व. दुसरे 'जग' म्हणजे जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. लेखनात दोहोंमध्ये तिळमात्र भेद नाही. उच्चारात मात्र पहिल्यातील 'ज' तालव्य, जिभेचा मधला भाग टाळूला टेकवून निघणारा. तर दुसऱ्यातील 'ज' दातांच्या मुळाशी होणारा. 'जरा' या शब्दाचेही तसेच. म्हातारपणाची जरा निराळी आणि 'जरा इकडे या' यातली जरा निराळी. काही व्याकरणकारांनी हा भेद दाखविण्यासाठी अक्षराखाली टिंब देऊन पाहिले; पण ते टिंब व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर कधी फारसे आले नाही. हा भेद मुलाच्या कानात आईच्या, आजीच्या तोंडून पडतो. साताऱ्याच्या वा पुण्याच्या मुलाला तो कोणी शिकवीत नाही.

बडोद्यात तो शिकवावा लागतो. आमच्या लहरीपुऱ्यात दाराबाहेर पाऊल टाकले की मंगळबाजाराची गुजराती कानांवर येते, आणि तिच्यात असा दुहेरी 'ज' नाही. तेव्हा येथल्या मराठी घरातले मूल सगळेच 'ज' टाळूवरून म्हणू लागते. मराठीचे अध्यापन करीत असताना या दोन जगांपायी आम्ही बराच खडू झिजविला आहे. उलट गुजरातीची काही मर्मे मराठी जिभेला लवकर साधत नाहीत. तिकडे 'बार' म्हणजे बारा आणि 'बहार' म्हणजे बाहेर. बोलताना दुसऱ्या शब्दातला 'ह' स्वतंत्रपणे ऐकू येत नाही. तो स्वरातच विरघळतो आणि स्वर श्वासाने भिजल्यासारखा होतो. वाटोळा तो 'गोळ' आणि खावयाचा गूळ तोही 'गोळ'. लेखन एकच, पण एकातला 'ओ' मिटलेला आणि दुसऱ्यातला उघडा. चार पिढ्या गुजरातेत काढलेल्या आमच्या कित्येक मंडळींना हा फरक करता येतो. पण विचारला तर सांगता येत नाही.

लिपीत न उतरणाऱ्या उच्चारभेदांचा हा विषय आमच्या घरात एका अनपेक्षित दिशेने पुन्हा निघाला. ती दिशा नॉर्वेची.

आमची कन्या चार वर्षांपूर्वी पती व वर्षाच्या मुलीसह तिकडे गेली. ओस्लोजवळच्या एका गावी त्यांचे बिऱ्हाड आहे. तिचे शिक्षण फिजिओथेरपीचे. तेथे तो व्यवसाय करावयाचा तर आधी परवाना हवा आणि परवान्यासाठी नॉर्वेजियन भाषेची परीक्षा. तोवर एका वृद्धनिवासात ती साहाय्यक म्हणून काम करू लागली आणि संध्याकाळी भाषेच्या वर्गास जाऊ लागली. पहिल्या वर्षी तिचे सर्व ठीक चालले होते. व्याकरण अवघड नव्हते. क्रियापद पुरुषाप्रमाणे वा वचनाप्रमाणे बदलत नाही, हे ऐकून मराठी शिकविणाऱ्या माणसाला त्या भाषेचा थोडा हेवाच वाटला. मग एके रविवारी ती पडद्यावरून म्हणाली, "बाबा, माझे शब्द बरोबर आहेत, पण सूर चुकतो. सूर चुकला की शब्दच बदलतो. हे तुम्हांला कसे सांगू?"

तिने उदाहरण दिले ते आमच्या मनात कायमचे बसले. नॉर्वेजियनमध्ये 'तांकन' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'ती टाकी'. पाण्याची, तेलाची, कसलीही. आणि 'तांकन' असाच दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'तो विचार'. अक्षरे तीच, आघात दोहोंतही पहिल्या अवयवावरच. फरक केवळ सुराच्या वळणाचा. ओस्लोकडच्या बोलीत टाकी खालच्या सुरावर सुरू होते आणि शेवटाकडे चढते. विचार वरच्या सुरावर सुरू होतो, मध्ये खाली उतरतो आणि मग पुन्हा वर जातो. कागदावर रेघ काढली तर टाकीचा एक सरळ चढ होईल आणि विचाराची एक दरी. 'हेनर' म्हटले की एका सुरात हात, दुसऱ्या सुरात 'घडते'. 'लोवन' हा एका सुरात कायदा, दुसऱ्या सुरात गवत साठविण्याचा गोठाघरातला माळा. या जोडीत लेखन तेवढे निराळे आहे, उच्चारातली अक्षरे तीच. अशा जोड्या त्या भाषेत शेकड्यांनी मोजाव्या लागतील इतक्या आहेत.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. सूर तर मराठीतही आहे. 'हो' हे एक अक्षर घ्या. आई हाक मारते तेव्हाचे 'हो' निराळे, गोष्ट ऐकताना मध्ये मध्ये घातलेले निराळे, आणि अविश्वासाने लांबविलेले 'हो' तर प्रश्नच असतो. 'आलास' हा शब्द रागाने, आनंदाने वा विचारणा म्हणून किती तऱ्हांनी म्हणता येतो! पण हे सारे सूर वाक्याचे आहेत, बोलणाऱ्याच्या मनःस्थितीचे आहेत. कोणत्याही सुरात म्हटले तरी 'आलास' म्हणजे आलासच. सूर बदलला म्हणून त्याचे 'गेलास' होत नाही. नॉर्वेजियन सूर शब्दाच्या आत बसलेला असतो, जसा आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घ भेद 'दिन' आणि 'दीन' यांच्यात बसलेला आहे. शिवाय वाक्याचा सूर त्यावरून निराळा वाहतोच. एका लाटेच्या अंगावर दुसरी लहान लाट असावी तसे. (आमच्या पेठेच्या नावातच लहर आहे. तिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, पण घरात समजावून सांगताना ती कामी आली.)

त्यामुळे नव्याने ऐकणाऱ्याला ओस्लोची माणसे गात आहेत असे वाटते. वाक्याचा शेवट बहुधा चढा असल्यामुळे प्रत्येक जण काहीतरी विचारीतच आहे असेही वाटते. आमच्या सौभाग्यवतींचे मत पहिल्या दिवशी असेच झाले होते. "इथे कुणालाच काही ठाऊक नाही का? सगळे एकमेकांना विचारतायत," असे त्या म्हणाल्या.

या दोन सुरांचा उगम शोधू गेलो तेव्हा आम्हांस मोठा आनंद झाला. कारण तो निव्वळ लहरीपणा नाही, त्यामागे इतिहास आहे. आजच्या नॉर्वेजियनची पूर्वज जी जुनी नॉर्स भाषा, तीत जे शब्द एका अवयवाचे होते त्यांना पहिला सूर मिळाला. जे मुळातच दोन अवयवांचे होते त्यांना दुसरा. पुढे शब्दांना प्रत्यय चिकटले. त्या भाषेत 'ती', 'तो' हे दाखविणारे उपपद शब्दाच्या पुढे न येता मागे जोडले जाते. 'तांक' म्हणजे टाकी. हा शब्द परका आणि पुष्कळ अलीकडचा; पण एका अवयवाचा म्हणून त्यानेही एकावयवी शब्दांचीच रीत उचलली. त्याला 'न' लागून 'तांकन' झाले, तरी सूर एका अवयवाच्या शब्दाचाच राहिला. 'तांके' म्हणजे विचार, हा मुळातच दोन अवयवांचा. त्यालाही 'न' लागून 'तांकन' झाले आणि सूर दोन अवयवांचाच राहिला. देह सारखे झाले, तरी आपण कोणत्या घरचे हे शब्द विसरले नाहीत. शेजारच्या डेन्मार्कमध्ये सुराचा हा भेद नाही. पण जेथे नॉर्वेत पहिला सूर येतो तेथे बहुतेक ठिकाणी डॅनिश माणूस घशात क्षणभर अडखळल्यासारखा उच्चार करतो. एकाच वारशाचे हे दोन वाटे. स्वीडिशमध्ये मात्र सूर आहेत. तेथे 'आंदन' हा शब्द एका सुरात बदक होतो आणि दुसऱ्या सुरात आत्मा!

आत्मा आणि बदक यांच्यातले अंतर एका सुराचे आहे, हे वाचून आमच्या पिढीतील कोणालाही इंद्रशत्रूची कथा आठवल्याखेरीज राहणार नाही. इंद्राचा वध करील असा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला आणि 'इंद्रशत्रू वाढो' अशा अर्थाचा मंत्र म्हटला. शत्रू याचा येथे अर्थ मारणारा. शेवटच्या अवयवावर उदात्त ठेवला असता तर तो तत्पुरुष समास झाला असता आणि अर्थ निघाला असता 'इंद्राला मारणारा'. पण उच्चारात उदात्त पडला पहिल्या अवयवावर. समास बहुव्रीही झाला, अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणारा आहे असा'. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. पतंजलीने महाभाष्यात व्याकरण का शिकावे हे सांगताना या कथेचा आधार घेतला आहे. विद्यार्थिदशेत आम्ही ही कथा एक चमत्कार म्हणून वाचली होती. कन्येच्या टाकीने व विचाराने ती एकदम रोजच्या व्यवहारात आणून सोडली.

वैदिक संस्कृतात सूर असा शब्दाच्या आत होता. पाणिनीने त्याचे नियम दिले ते केवळ वेदांपुरते नव्हेत, त्याच्या काळच्या बोलण्यातील भाषेसाठीही दिले. पुढे बोलण्यातून तो गेला. कालिदासाच्या नाटकांतील पात्रे ज्या संस्कृतात बोलतात त्यात तो नाही. उरला तो फक्त वेदपठणात, आणि तेथे मात्र असा जपला गेला की त्याला तोड नाही. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो उदात्त बिनखुणेचा. पण कोणताही वैदिक त्या रेघांवरून शिकत नाही. तो गुरुमुखातून शिकतो. रेघा नंतर पाहतो, पाहिल्याच तर. वेदपठणाच्या या परंपरेचा समावेश युनेस्कोने 2008 साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला, तो या मौखिक शिस्तीसाठीच.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध वैदिक आहेत. एका दुपारी त्यांच्याकडे जाऊन आम्ही कन्येची अडचण त्यांना सांगितली. नॉर्वे कोठे आहे याची त्यांनी चौकशी केली नाही. "तिचा हात काय करतो?" एवढेच त्यांनी विचारले. आम्हांस प्रथम उमगले नाही. ते म्हणाले, "नुसत्या कानाने स्वर येत नाही. आमची ऋग्वेदाची पोरे मानेने शिकतात, माध्यंदिन शाखेची हाताने. मान खाली गेली की आवाज खाली जातोच. अंगाला एकदा कळले की मग जिभेला कळते." केरळातील नंबूद्री गुरू तर शिष्याचे मस्तक हाताने धरून स्वराप्रमाणे हलवितात, असे आम्ही वाचले होते, पण तो केवळ एक विधी असावा अशी समजूत होती. शिकविण्याची ती एक पद्धत आहे हे त्या दिवशी ध्यानात आले. तीस वर्षे अध्यापन करणाऱ्या माणसाने पद्धत पाहिली की त्याचे कान टवकारतातच.

त्या रविवारी आम्ही कन्येला सांगितले, टाकी म्हणताना हात खालून वर ने. विचार म्हणताना वरून सुरू कर, खाली आण, पुन्हा वर ने. ती हसली. म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गातल्या बाईही फळ्यावर रेघा काढतात आणि हात हलवतात." दोन टोकांचे दोन शिक्षक एकाच युक्तीवर आलेले पाहून आम्हांस फार समाधान वाटले, आणि ते आम्ही वैदिकांना सांगितले. त्यांनी नुसती मान हलविली. कोणता स्वर होता कोण जाणे.

बडोद्याच्या मातीत सूर कागदावर उतरविण्याचीही एक परंपरा आहे. लहरीपुरा दरवाजातून बाहेर पडून न्यायमंदिरावरून सुरसागराकडे वळले की तलावाच्या काठी संगीत महाविद्यालयाची वास्तू लागते. सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा काढली, तिचीच ही पुढची वाढ. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली होती आणि तिच्या आधारे ते मुलांना शिकवीत. पुढे याच संस्थानात फैयाजखाँसाहेब दरबारगायक झाले. सूर लिहावा की केवळ ऐकावा, हा वाद या काठावर निश्चितच रंगला असणार. नॉर्वेजियन लोकांनी तो वाद आपल्यापुरता मिटविला आहे. ते सूर लिहीतच नाहीत. शाळेच्या पुस्तकात टाकी आणि विचार एकसारखे छापलेले असतात आणि तेथल्या मुलांचे काही अडत नाही.

आम्ही गेल्या मे महिन्याच्या सुटीत तिकडे पाच आठवडे राहून आलो. मध्यरात्रीही आकाश उजळ राहते वगैरे वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील, ती टाळतो. आमचे लक्ष कानांकडे होते. आणि तेथे पहिला धक्का असा बसला की कन्या ज्या सुरासाठी जिवाचे रान करीत होती तो सबंध देशाचा सूर नाहीच. पश्चिमेकडे, स्टाव्हांगरच्या बाजूला, पहिला सूर वरून सुरू होतो आणि खाली येतो, म्हणजे ओस्लोच्या जवळजवळ उलटा. तिच्याबरोबर काम करणारी एक परिचारिका तिकडचीच. ती 'टाकी' म्हणे तेव्हा आमच्या कन्येला प्रत्येक वेळी काही निराळेच ऐकू येई. आणि उत्तरेकडे फिनमार्कसारख्या भागांत, तसेच बर्गेनच्या उत्तरेकडील काही गावांत, हा भेदच नाही. तेथल्या माणसाचा विचार आणि टाकी एकच. तरी त्याला कोणी परका म्हणत नाही.

बोलण्याची एकच एक प्रमाण रीत त्या देशाने कायद्याने ठरविलेली नाही. लेखनाच्या दोन अधिकृत रीती आहेत, बोलीला मात्र मोकळीक. 1878 सालीच त्यांच्या संसदेने ठरविले की शाळेत शिकविताना शक्य तोवर मुलांच्या स्वतःच्या बोलीचा आधार घ्यावा. मंत्री, प्राध्यापकही आपापल्या गावच्या बोलीत बोलतात. आपल्याकडे शुद्ध बोलण्याची छडी घेऊन उभ्या असलेल्या आमच्यासारख्या शिक्षकांनी हे वाचून थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. छडी टाकून द्यावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

मग तिच्या वर्गातल्या बाईंचे मत असे की, सूर हा शेवटचा अलंकार आहे. आधी आघात सांभाळा, आधी लांबी सांभाळा. 'ताक' लांब म्हटले तर छप्पर, आखूड म्हणून 'क' वर जोर दिला तर 'आभारी आहे'. हा भेद चुकला तर माणूस खरोखर घोटाळतो. सूर चुकला तर तो संदर्भाने समजून घेतो. टाकीत पाणी भरतात, विचारात नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतेच. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे आणि शिकवणीचा क्रम म्हणूनही बरोबर आहे. पण कन्येचे समाधान होईना. ती म्हणे, "लोक समजून घेतात हो. पण प्रत्येक वेळी अर्धा क्षण थांबतात. मला तो अर्धा क्षण दिसतो."

त्या वृद्धनिवासात एक शेतकरी आजोबा होते. वय नव्वदीच्या घरात, ऐकणे मंद, डोके मात्र शाबूत. नॉर्वेजियनमध्ये शेतकऱ्यांचे अनेकवचन आणि शेंगांतील घेवड्यासारख्या दाण्यांचे अनेकवचन यांत पूर्वेकडच्या उच्चारात केवळ सुराचा भेद आहे. (त्यातला पहिला स्वर मराठीत नाही, ओठ 'ओ'सारखे गोल करून 'ए' म्हणावा लागतो, म्हणून तो येथे लिहीत नाही.) एके दिवशी दुपारच्या जेवणात काय आहे असे आजोबांनी विचारले. कन्येने सांगितले, दाणे. आजोबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "शेतकरी? मग मला लपायला हवे." सबंध टेबल हसले. ती ओशाळली, पण आजोबांनी तिला शेजारी बसविले आणि टेबलावर बोटाने चढ व दरी काढून तोच शब्द दहा वेळा म्हणवून घेतला. तेव्हापासून रोज एक जोडी. वर्गातल्या बाईंना जे घाईचे वाटत नव्हते ते त्या म्हाताऱ्याला घाईचे वाटत होते. त्याचे कारण कन्येला पुढे कळले. ऐकू कमी येऊ लागले की व्यंजने आधी जातात. शब्दाची चाल, तिचा चढउतार मागे उरतो. आजोबा तिचे बोलणे त्या चालीवरूनच ओळखीत होते. जी गोष्ट इतरांना अलंकार, ती त्यांची काठी होती.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. शेवटच्या आठवड्यात ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. पूर्वी ते मध्येच हात वर करून तिला थांबवीत आणि शब्द दुरुस्त करीत. त्या आठवड्यात त्यांनी एकदाही हात वर केला नाही. सूर बरोबर आला होता की ते थकले होते, हे तिला कळले नाही. हे तिने आम्हांस सांगितले ते मराठीत, आणि त्या मराठीतही वाक्यांचे शेवट चढे होते, हे आमच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

सूर बदलतो तो असा, आपल्याला न विचारता. आमच्या घराण्याने कोकण सोडून गायकवाडीत येऊन चार पिढ्या झाल्या. आमच्या पणजोबांच्या बोलण्याला कोकणचा हेल असणार. आमच्या बोलण्याला तो नाही. पुण्याच्या एका दुकानात आम्ही निव्वळ मराठीत दोन वाक्ये बोललो तर दुकानदाराने विचारले, "आपण बडोद्याचे का?" शब्द आम्ही एम. ए.च्या पदवीला साजेसे निवडले होते. पण हेलाने आमची फिर्याद केली. 2018 साली येथे एक्क्याण्णवावे साहित्य संमेलन भरले तेव्हाही बाहेरगावच्या पाहुण्यांनी आमच्या बोलण्याचे कौतुक केले ते "गोड आहे हो तुमची मराठी" या शब्दांत. 1909, 1921 आणि 1934 सालच्या बडोद्याच्या संमेलनांना आलेल्या पाहुण्यांनी यजमानांची मराठी गोड म्हटली असेल की नुसती मराठी म्हटली असेल, कोणास ठाऊक!

या ठिकाणी एका जुन्या लेखाची आठवण होते. राल्फ टर्नर, ज्यांनी पुढे नेपाळीचा आणि भारतीय आर्यभाषांचा थोर कोश केला, त्यांनी 1916 साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मराठीतील आघातावर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, वैदिक काळी शब्दात सूर ज्या जागी होता त्या जागेच्या खुणा मराठी शब्दांच्या घडणीत उरल्या आहेत. गुजराती मात्र दुसऱ्या नियमाने, शब्दाच्या शेवटून मोजलेल्या आघाताने घडली. हे मत सर्व पंडितांनी मान्य केलेले नाही, आणि आमच्या अभ्यासाच्या बळावर निवाडा देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण मन तिकडे ओढले जाते खरे. मराठी आणि गुजराती यांच्या सीमेवर जन्म काढणाऱ्या माणसाला, या दोन भाषांमधली रेघ कदाचित सुराची आहे, असे कोणी सांगितले तर त्याला बरे वाटणारच. पंजाबीत तर नवेच सूर जन्मले आहेत. गुरुमुखीत 'घोडा' लिहितात आणि तोंडाने 'कोडा'सारखे म्हणतात. 'घ' गेला, त्याच्या जागी खालचा सूर आला, आणि त्या सुरावरून चाबकाचा कोडा व बसायचा घोडा निराळे ओळखू येतात. एकीकडे सूर गेले, दुसरीकडे आले.

आता आमच्या नातीविषयी. ती पाच वर्षांची आहे. बालवाडीत दिवसभर नॉर्वेजियन, घरी मराठी. तिचे सूर जन्मजात असल्यासारखे आहेत. आईचा 'विचार' टाकीसारखा झाला की ती जेवता जेवता दुरुस्त करते, आणि पुन्हा जेवू लागते. हात हलविण्याची तिला गरज नाही. या गोष्टीचे सर्वांना कौतुक. पण तीच नात आमच्याशी मराठी बोलते तेव्हा 'आजोबा' या शब्दाची पहिल्या अक्षरावर एक टेकडी होते, मग तो दरीत उतरतो आणि शेवटी वर येतो. 'दूध नको' हे वाक्य एखाद्या लहानशा गाण्यासारखे होते. आमच्या सौभाग्यवतींना ते रुचले नाही. मुलीची मराठी बिघडते आहे, आजोबा शिक्षक असून ऐकत बसतात, असा त्यांचा आक्षेप. परतण्याच्या आदल्या रात्री यावरून घरात थोडी वादावादीही झाली. कन्या गप्प होती. जावई मध्येच म्हणाले, "आई, तिने मराठी बोलणंच थांबवलं तर?" त्यावर सौभाग्यवतींनी उत्तर दिले नाही, पण आक्षेपही मागे घेतला नाही, आजही घेतलेला नाही.

आमचा निर्णय आम्ही त्यांना सांगितला तो असा. नातीचा हेल आम्ही सुधारणार नाही. आमचा हेल आमच्या पणजोबांनी ऐकला असता तर त्यांनाही दूध नको झाले असते. पण शब्द आम्ही सोडणार नाही. काका, मामा, आत्या, मावशी यांना एका शब्दात गुंडाळू देणार नाही. आणि दोन 'ज' सोडणार नाही. बडोद्याच्या बाजाराने येथल्या मुलांकडून जो भेद हिरावला, तो त्या मुलीजवळ अजून आहे, कारण तिच्या कानांवर मराठी फक्त आईची पडते आणि तिच्या आईकडून तो भेद लहानपणी आम्ही घोटून घेतला होता. 'जरा थांब' मधला जरा ती इतका नेटका म्हणते की आम्ही तो वर्गात ऐकवावा असे वाटते. सौभाग्यवती म्हणतात, ही शिक्षकाची हौस आहे, मुलीचे हित नव्हे. असेलही.

दर रविवारी संध्याकाळी, तिकडे दुपार असते तेव्हा, पडद्यावर आमची एक परीक्षा होते. नात 'तांकन' म्हणते आणि आम्ही टाकी की विचार ते ओळखायचे. मग आम्ही म्हणायचे आणि ती ओळखते. ओळखण्यात आम्ही बरे आहोत. म्हणण्यात तिच्या मते दहापैकी सहा. गेल्या खेपेस आम्ही वैदिकांच्या सांगण्याप्रमाणे हात वर नेऊन, खाली आणून, पुन्हा वर नेऊन 'विचार' म्हटला. ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "आजोबा, हात बरोबर होता."